सात नंबरचं इंजिन

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास गनीभाई नातीच्या स्कूटीवरून उतरले, तेव्हा नेवासा रोडला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि हवेत मळीचा आंबूस वास होता. श्रीरामपूरजवळच्या या कारखान्यानं ऊस वाहणारी छोटी रेल्वे बंद केली, त्याला चौतीस वर्षं झाली होती. तिच्या जुन्या शेडमध्ये आता संग्रहालय होतं. ऊस वाहायच्या दोन-तीन उघड्या वाघिणी, कंदील, भिंतीवर फोटो. इंजिन मात्र एकही उरलं नव्हतं, म्हणून इंदूरच्या एका शौकिनाचं वाफेचं इंजिन एका दिवसापुरतं ट्रेलरवरून मागवलं होतं. नात अलिझा कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती. तिला फोटो काढायचे होते. गनीभाई याच शेडमध्ये अकरा वर्षं फिटर होते. त्यांना नुसतं बघायचं होतं.

संग्रहालयाचं काम बघणारी राजेश्वरी लगबगीनं पुढं आली. "या चाचा, तुमचीच वाट बघत होते. आहे ना झकास?"

इंजिन शेडच्या तोंडाशी रुळावर उभं होतं. काळंभोर, पितळेची कड चकचकीत, धुराड्यातून पांढरा धूर.

"ट्रेलर कुठंय?" गनीभाईंनी विचारलं.

"पहाटेच इंजिन उतरवून गेला म्हणे. मी आले तेव्हा हे रुळावरच होतं."

"कोन म्हनलं?"

"ड्रायव्हर म्हणाला."

गनीभाईंनी खाली बघितलं. धूळ बसावी म्हणून कालच अंगणात टँकरनं पाणी मारलेलं होतं. मऊ मातीत चपलांचे ठसे होते, स्कूटीच्या चाकाची रेघ होती. एवढं अवजड धूड आणणाऱ्या ट्रेलरचा एकही माग नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण राजेश्वरी तोवर पाहुण्यांकडे वळली होती.

इंजिनाभोवती दोरी बांधली होती. अलिझा दोरीला रेलून फोटो काढत होती, अन् गनीभाई तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. चाकं, दांडे, शिट्टी. ती बोटानं फोटो मोठा करून दाखवायची. ड्रायव्हरच्या खोलीच्या डाव्या पत्र्याचा फोटो आला, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"थांब. आजून मोठा कर."

पत्र्यावर वीतभर ठिगळ होतं. कडेनं रिव्हेट, ठोकून बसवलेले गोल डोक्याचे खिळे. गनीभाईंनी मोजले. दहा रिव्हेट, आणि अकराव्या जागी बोल्ट.

तो बोल्ट त्यांनी स्वतः बसवला होता. कारखान्याच्या सात नंबरच्या इंजिनात बैलगाडीची दांडी घुसली होती, ठिगळ मारता मारता रिव्हेट संपले होते, आणि साहेब ओरडेल म्हणून त्यांनी बोल्ट आवळून त्यावर रंग मारला होता. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि सात नंबर कापलंही त्यांनीच. रेल्वे बंद झाली, इंजिन भंगारात निघालं, तेव्हा बाकीच्या फिटरांनी हात लावायला नकार दिला. गनीभाईंनी गॅस कटर उचलला. आधी खडूनं रेघा मारल्या, प्रत्येक तुकड्यावर उर्दू आकड्यांत नंबर टाकले आणि तीन दिवसांत चौदा तुकडे केले. तुकड्यांबरोबर ट्रकमधून जालन्याच्या पोलाद कारखान्यात गेले आणि चौदाच्या चौदा तुकडे भट्टीत जाताना डोळ्यांनी बघून आले.

"दादा, काय झालं?" अलिझानं आजोबांना विचारलं.

"काय न्हाई. कुनीतरी फसवतंय आपल्याला."

पण कोण, आणि कशासाठी? सांधलेलं इंजिन असतं तर वेल्डिंगचा वण दिसला असता. रंगानं तो लोकांपासून लपला असता, फिटरपासून नाही. दोरीखालून वाकून ते जवळ गेले, पत्र्यावर नख फिरवलं. कुठेही सांधा नव्हता. आणि पत्रा गार होता. धुराड्यातून धूर निघत होता, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा खुणेवर थरथरत होता, तरी बॉयलरला टेकवलेला हात भाजला नाही.

दहा वाजता फेऱ्या सुरू झाल्या. दोन वाघिणींना बाकं ठोकली होती. गाडी उसाच्या जुन्या यार्डापर्यंत जायची आणि उलटी यायची. पहिल्या फेरीला गनीभाई मुद्दाम खालीच थांबले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीलाही. तीन फेऱ्यांत कोळशाचा ढीग टोपलीभरही कमी झाला नाही. पाण्याचा पाइप जमिनीवर गुंडाळलेला होता तसाच राहिला. लोक हसत चढत होते, हसत उतरत होते.

"चाचा, किती शंका घेता!" राजेश्वरी हसून म्हणाली. "नवीन पद्धत असेल काहीतरी."

"वाफेला नवी पद्धत न्हाई बाई. पानी लागतं आन् इस्तू लागतो."

बाराच्या फेरीआधी ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. उंच, वाळका माणूस. गळ्याभोवती हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळलेलं. त्यानं अलिझाकडे बघितलं.

"पोरी, वर ये. हितनं फोटू चांगला येतोय."

गनीभाई नको म्हणेपर्यंत ती पायरीवर चढलीसुद्धा. मग तेही चढले. या वयात त्यांना पायरी उंच वाटायला हवी होती, पण पाय आपोआप जागेवर पडला. शिट्टी वाजली. इंजिन हललं.

आत उकाडा नव्हता. ड्रायव्हरचे हात काळे नव्हते. बोटांच्या टोकांना पांढरं काहीतरी लागलं होतं.

"कुठल्या गावचे?" गनीभाईंनी विचारलं.

"हितलाच."

"म्हंजी? इंदूरहून न्हाई आलात?"

ड्रायव्हरनं भट्टीचं दार पायानं ढकललं. आत कोळसा नव्हता. मधोमध एकच ज्योत होती, बोटभर, निळी, टोकाला पांढरी. ती सुंईऽ करत जळत होती. हा आवाज गनीभाईंच्या ओळखीचा होता. गॅस कटरचा.

ड्रायव्हरनं दार लावलं.

"सुरवात कुठनं केली हुतीस रं?" त्यानं अगदी सहज विचारलं.

 गनीभाईंची नजर आतल्या पत्र्यावर गेली. बाहेरून दिसल्या नव्हत्या, पण आत सगळीकडे रेघा होत्या. खडूच्या, सरळ, ताज्या. प्रत्येक चौकटीत उर्दू आकडा. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी मोजले. चौदा.

अलिझा त्यांच्याकडे पाठ करून बाहेर झुकली होती. डोळा कॅमेऱ्याला लावलेला. यार्डातली बाभळीची झाडं सावकाश मागं जात होती.

ड्रायव्हरनं खिशातून खडू काढला.

तिच्या पाठीजवळ गेला.

खांद्यापासून कमरेपर्यंत हळूच एक रेघ ओढली. तिला कळलंही नाही. मग रेघेशेजारी, कुणी पाटीवर गिरवावं तसं सावकाश, त्यानं उर्दूत पंधरा लिहिलं.

गनीभाईंनी त्याचा हात झटकला. लोखंडाच्या दांड्यावर आपटावा तसा त्यांचाच हात झिणझिणला.

"अलिझा, उतर!"

"दादा, गाडी चालू आहे!"

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि उडी मारली. दोघं मुरमावर आपटले. कॅमेऱ्याची काच फुटली. गाडी थांबली नाही. वाघिणीतल्या लोकांनी हात हलवले.

अलिझा रडकुंडीला आली होती. "काय केलंत हे?"

 रुमाल ओला करून गनीभाईंनी तिच्या पाठीवरचा खडू घासून काढला. कमीज फाटेपर्यंत घासला. मग तिला स्कूटीकडे ओढतच नेलं. 

सोमवारी सकाळी ते मशिदीतून लवकर परतले नाहीत. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर बराच वेळ ते हौदाजवळ बसून होते. साडेआठला घराच्या गल्लीत वळले, तेव्हा मोबाईल वाजला. राजेश्वरी होती.

"चाचा, ट्रेलरवाल्याचा आत्ता फोन आला होता." तिचा आवाज बसला होता. "त्याचा ॲक्सल तुटलाय. येवल्याच्या अलीकडे उभा आहे तो. शनिवारपासून. इंजिन अजून ट्रेलरवरच आहे."

गनीभाई थांबले.

"शेडात बघितलं?"

"तिथूनच बोलतेय. रूळ रिकामे आहेत. चाचा, मग काल आपण कशात बसलो?"

त्यांनी फोन कानापासून काढला आणि चालायला लागले. मग पळायला लागले.

बद्रुन्निसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. नवऱ्याला असं धापा टाकत आलेलं बघून ती उठून उभी राहिली.

"अलिझा कुठंय?"

"गेली की मघाशी. अर्धा तास झाला असेल. तुमचे दोस्त आले होते न्यायला."

"कोन दोस्त?"

"मला काय माहीत? उंच होते. म्हणाले, गनीनं पोरीचं काम अर्धं ठेवलंय, तेवढं पुरं करायचंय. मला वाटलं, फोटोचं काम." तिनं दाराकडे बोट केलं. "बसा म्हटलं तर बसले नाहीत. चहा ओतला, त्यालाही हात लावला नाही."

उंबऱ्यावर कपबशी होती. कप काठोकाठ भरलेला.

गनीभाई वाकले. अर्ध्या तासापूर्वी ओतलेला चहा कपात सुंईऽ करत खळखळ उकळत होता.