पूर्वेकडचं तोंड

हे मी कुठून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलंय, आणि ज्या बाईच्या घरात घडलं ती माझी सख्खी आत्या आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

यात रात्र नाही, अमावास्या नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आधीचा शुक्रवार होता. भर दुपार, घाटकोपरचं आमचं ऑफिस, एसी चालू.

मी श्रुतिका. नकाशांचं काम करते. सोसायट्यांची ड्रॉइंग्ज आर्किटेक्टकडून कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच काढलेली, येतात, ती आम्ही नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन शहरात खऱ्या जागी बसवतो. कटकट एकच. ड्रॉइंगमध्ये नुसत्या रेषा असतात आणि नकाशाला बंद आकार लागतो. केसाएवढी फट राहिली तरी तो खोलीला खोली मानत नाही. म्हणून फटी बुजवणं हे आमचं रोजचं काम. डोळे झाकून करतो.

त्या दिवशी आलेलं ड्रॉइंग अंधेरीचं होतं. कुंदाआत्याच्या सोसायटीचं.

आत्या तिथे तळमजल्यावर राहते. काका गेल्यापासून एकटीच. आई गेल्यानंतर मला हक्काचं असं तेवढं एकच माणूस उरलंय. म्हणून ते काम मी मुद्दाम मागून घेतलं.

ड्रॉइंग उलटं होतं. काढणाऱ्याने आपल्या सोयीने उत्तर दिशा खाली घेतली होती. असं बरेच जण करतात. मी ते फिरवून नकाशावर नीट बसवलं. मूळ ड्रॉइंग आणि नकाशा जोडलेले राहतात, एकात बदललं की दुसऱ्यातही बदलतं.

इमारतीच्या मागे एक गोल होता. नाव नाही, काही नाही. पाण्याची टाकी असेल म्हटलं. गोलाला पूर्वेकडे, कंपाउंडच्या भिंतीच्या बाजूला, फट होती.

बुजवली. सेव्ह केलं. चहा घेऊन आले.

फट परत होती...

शेजारी यज्ञेश बसतो. मस्करी करायची एक संधी सोडत नाही.

"यज्ञेश, माझ्या फाइलला हात लावलास?"

"मी कशाला लावू यार? इथे माझीच वाट लागलीये."

तोंडावरून तर खोटं वाटलं नाही. पण यज्ञेशचं तोंड तसलंच आहे. मी पुन्हा फट बुजवली आणि पाणी प्यायला जाताना कॉम्प्युटरला पासवर्ड लावून गेले. येताना बघितलं, तो हेडफोन लावून आपल्या स्क्रीनकडे बघत होता. जरा जास्तच मन लावून.

फट परत होती...

आता मात्र माझं डोकं सटकलं. तो गोल मी सरळ पुसून टाकला आणि त्या जागी स्वतःच्या हाताने नवा काढला. अख्खा, बंद.

तो तसाच राहिला.

मी यज्ञेशकडे बघून म्हटलं, "जिंकले." त्याने हेडफोन काढून "काय?" विचारलं.

तेवढ्यात आत्याचा फोन.

"गो श्रुती, कामात आहेस का? इथे मघापासून कुणीतरी ठोकतंय गं."

"वरच्यांचं काम चाललं असेल."

"वरून नाही... खालून."

आत्या घाबरट नाही. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मेट्रो पकडून तासाभरात पोचले. ती दारातच उभी होती. आत स्वयंपाकघरात जाऊन मी लादीवर हात ठेवला.

ठक.

थांबून... ठक ठक.

हाताला जाणवत होतं.

"मागे काय आहे गं?" मी विचारलं.

"विहीर. जुनी. आम्ही राहायला यायच्या आधीच वर स्लॅब टाकलाय. पण तोंड ठेवलंय. विहीर झाकताना ठेवतातच."

"कशाला?"

"येण्याजाण्याला."

कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही.

आत्याच्या स्वयंपाकघराला मागचं दार नाही. सलग भिंत आहे. अख्ख्या इमारतीला वळसा घालून आम्ही मागे गेलो. गोल स्लॅब होता, त्यावर शेवाळ होतं.

तोंड नव्हतं...

"सकाळी होतं," आत्या पुटपुटली. "पूर्वेला. जाळी होती त्यावर. मी स्वतः फुलं वाहिली."

ताजं सिमेंट नाही, जोड नाही. शेवाळसुद्धा सगळीकडे सारखं. आणि माझी फाइल अजून कुणाकडे गेलेलीच नव्हती. ती फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होती.

मी यज्ञेशला फोन लावला, पासवर्ड सांगितला.

"अंधेरीच्या फाइलमधला तो मागचा गोल तोड. पूर्वेकडे."

"का?"

"विचारू नको ना. तोड."

माउसची क्लिक ऐकू आली.

"तोडला."

आम्ही घरात आलो. ठोकणं थांबलं होतं. आत्या मटकन खुर्चीत बसली आणि मला रडूच कोसळलं. मी तिच्यासाठी चहा टाकला. ओट्याखालची लादी ओली दिसली. आत्या म्हणाली, राहू दे, मी पुसते.

सोमवारी फाइल उघडली.

यज्ञेशने मी फिरवून बसवलेला नकाशा उघडलाच नव्हता. मूळचं, उलटं ड्रॉइंग उघडून तिथे गोल तोडला होता. उजवी बाजू म्हणजे पूर्व समजून. पण त्या ड्रॉइंगमध्ये उजवीकडे पश्चिम होती.

पश्चिमेला आत्याचं स्वयंपाकघर.

"तू पूर्व बोललीस, मी उजवीकडे तोडलं," तो म्हणाला. "नेहमी उजवीकडेच असते ना?"

इतकी वर्षं हे काम करणारा माणूस आधी उत्तरेचा बाण बघतो. यज्ञेशही बघतो. त्या दिवशी का नाही बघितला? मी विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले. घाईत चुकला असेल. असेलही. मी हल्ली त्याच्याबरोबर चहाला जात नाही.

मी फट पूर्वेला नेऊन बघितली. फाइल पुन्हा उघडावी तर फट परत स्वयंपाकघराकडेच. बुजवायची माझी हिंमत नाही. तुम्ही बुजवली असती?

आत्या म्हणते ती मजेत आहे. ठोकणं बंद झालं, झोप छान लागते. पण आता ती मला बोलवत नाही. गणपतीला गेले तर दारातूनच प्रसाद दिला. म्हणाली, "आत बसायला जागा नाही गं."

दोन खोल्यांत एकटी बाई राहते. जागा कशाने नाही?

परवा मी फोन केला. म्हटलं, "आत्या, मी चार दिवस राहायला येते."

फोनमध्ये मागे पाण्याचे थेंब ऐकू येत होते...

मग फोन जरासा लांब धरून, दबक्या आवाजात, तिने कुणाला तरी विचारलं.

"येऊ दे का तिला?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं.

"ये," ती म्हणाली. "पण मागच्या दाराने ये."

उद्या जायचं ठरवलंय. आत्याला असं टाकून देता येत नाही. मी पुढच्या दाराची बेल वाजवणार आहे, आणि ती दार उघडेपर्यंत तिथून हलणार नाही.