उणे तिसात उकाडा

बाहेर मे महिना होता आणि शीतकक्षात उणे तीस. दोन्हींच्या मधे जाड काचेची भिंत होती, आणि काचेच्या उबदार बाजूला खरेदी समितीचे सदस्य गरमागरम कचोरी खात बसले होते.

पलीकडे तापपुतळा उभा होता. माणसाच्या मापाचा, आतून तापणारा. अंगावरच्या कपड्यातून किती उष्णता निसटते हे तो स्वतःच सांगतो. त्याला घातला होता शीतवस्त्र संस्थेचा नवा शोध, ‘स्थिरवात’ पोशाख.

“सकाळपासून उभा आहे,” संचालक करमळकर कौतुकाने म्हणाले. “उष्णता जवळपास निसटलेलीच नाही. आणि कसली तक्रारही नाही.”

“पुतळा आहे तो, सर,” डॉ. शर्वाणी हेबळे म्हणाल्या. अर्धं आयुष्य त्यांनी लोकरीवर संशोधन करण्यात घालवलं होतं आणि त्याबद्दल संस्थेने त्यांना कधीच माफ केलं नव्हतं.

“म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवता येतो!”

समितीचे अध्यक्ष सरदेशपांडे यांनी बोटं पुसली. “पण बाई, हे कापड एवढी ऊब देतं कशानं?”

“कापड ऊब देतच नाही, साहेब. ऊब माणसाचं शरीर देतं. कापड फक्त ती अडवून धरतं. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहजी जात नाही. तरी लोकर थोडी उष्णता आणि घामाची वाफ बाहेर सोडते. या कापडात मात्र हवेचे कोट्यवधी फुगे कायमचे बंद केलेत. त्यातून काहीच बाहेर जात नाही.”

“मग उत्तमच की!”

“उभ्या माणसासाठी. नुसत्या बसलेल्या माणसाचं शरीर एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकं तापतं. फावडं मारणाऱ्याचं चार-पाच बल्बांइतकं. हे सगळे बल्ब एका बंद पेटीत पेटते ठेवले तर काय होईल?”

“पेटी गरम होईल,” अध्यक्ष म्हणाले, आणि समिती खळखळून हसली.

पुढच्याच महिन्यात हा पोशाख सीमेवरच्या खिंडीत बोगदा खणणाऱ्या मजुरांना सक्तीचा होणार होता. एकदा तरी जिवंत माणसावर चाचणी घ्या, म्हणून हेबळेबाईंनी इतका तगादा लावला होता, की केवळ त्यांचं तोंड बंद करायला संचालकांनी ती मान्य केली. त्याच बोगद्यात दोन हिवाळे काढलेला बाबाजी घोगरे त्यासाठी आला होता.

“बाई, मेलो तर घरी काय सांगाल? मे महिन्यात पुण्यात गारठून मेला?” पोशाख चढवताना त्याने विचारलं.

“गारठण्याची भीती नाही रे तुला,” बाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही.

पोशाखाची चेन पाठीमागून बंद होत असे. मजुराने मधेच तो काढू नये, अशी रचना होती. पुतळ्याने त्याबद्दलही कधी हरकत घेतली नव्हती.

बाबाजी आत गेला आणि खडीच्या ढिगावर फावडं चालवू लागला. आधी त्याने काचेकडे बघून हात हलवला. मग फावडं मंदावलं. चेहरा लालबुंद झाला. त्याने फावडं टाकलं, हात मागे नेऊन चेन चाचपडली, दोन पावलं झोकांड्या खात गेला आणि ढिगावर कोसळला.

“गारठला!” अध्यक्ष उठून उभे राहिले.

“घोंगडी! दोन घोंगड्या टाका त्याच्यावर!” करमळकर ओरडले.

“सर, तो आत शिजतोय!”

“उणे तिसात? बाई, शुद्धीवर या!”

हेबळेबाईंनी टेबलावरची कापड कापायची कात्री उचलली आणि सुती साडीनिशी शीतकक्षात धावल्या. पाठीवरून पोशाख टराटरा कापला तेव्हा, पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ उसळली. काचेवर धुकं धरलं आणि समितीला पुढचं काही दिसलं नाही.

त्याला बाहेर आणून संस्थेच्या डॉक्टरांनी ओली फडकी, पंखा, सलाईन सगळं केलं, तेव्हा कुठे बाबाजीने डोळे उघडले.

“बाई, उकडून काढलं की मला.”

बाई तरातरा समितीकडे गेल्या. तिथे करमळकरांचा चेहरा उजळला होता.

“उणे तिसात उष्माघात! याहून उबदार कापड जगात कुणाकडे आहे?”

“मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

“मंजूर?” बाईंचा आवाज चिरकला. “तो मेला असता! बोगद्यात सगळे असेच मरतील!”

“मग त्यांना सांगू, जरा बेतानं काम करा,” अध्यक्ष म्हणाले.

बाईंच्या आवाजाला आता धार आली. “एक करा. शिफारशीत स्पष्ट लिहा, हा पोशाख फक्त काडीचंही काम न करणाऱ्यांसाठी आहे. त्यांना तो आयुष्यभर बाधणार नाही.”

समिती आता आपल्याला हाकलणार, असं बाईंना वाटलं.

अध्यक्षांनी कापून बाहेर आणलेल्या पोशाखाची बाही हळुवार कुरवाळली. “म्हणजे... आमच्यासाठी?”

निर्णय एकमताने झाला. पोशाख सर्व अधिकाऱ्यांना आणि दौऱ्यावर जाणाऱ्या समित्यांना. मजुरांना, तूर्त, लोकरीचे स्वेटर आणि वर वारा अडवणारं साधं जाकीट, म्हणजे हेबळेबाई इतकी वर्षं जे मागत होत्या तेच.

त्यानंतर हिवाळे आले आणि गेले. बोगदा पुरा झाला. खिंडीतल्या हाडं फोडणाऱ्या थंडीत ‘स्थिरवात’ची कसून परीक्षा झाली आणि आजतागायत एकाही अधिकाऱ्याला त्यात घाम फुटलेला नाही.