फिल्मचं टोक

मोठा दिवा लावू नका पोरांनो, लाल आहे तेवढा पुरे. प्रिंट सुकायला अजून तासभर जाईल. तुम्हाला युक्त्या हव्यात ना, मग एक सांगते. मला कुणी शिकवलं नाही, चाळीस वर्षं स्वतःच्या पैशाने फिल्म नासवत शिकले. पण ही गोष्ट माझी नाही. चौकातल्या स्टुडिओवाल्याची आहे.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला तो माझ्याकडे डेव्हलपर मागायला आला. दारातच उभा राहिला, चप्पलसुद्धा काढली नाही.

"ताई, एका रोलपुरतं द्या."

"तू कधीपासून रोल धुवायला लागलास?"

तीस वर्षं फोटो काढायचा तो आणि अंधाऱ्या खोलीत रोल धुवायची त्याची बायको. पाटीवर नाव मात्र त्याच्या एकट्याचं. हे मी त्याला तोंडावर ऐकवलंय, एकदा नाही, दहादा. ती जूनमध्ये गेली. बसल्या जागी.

"एकच आहे," तो म्हणाला. "त्यात ती आहे."

तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. कारण त्या बाईचा फोटो नाही. फोटोवाल्याची बायको, आणि तिचाच नाही. मोबाइल पुढे आला की तोंडावर हात. एक ओळखपत्रावरचा होता, त्यात ती कुणीही वाटते. मे महिन्यात एका रोलमध्ये सहा फोटो उरले होते. ती मागच्या पायरीवर केस वाळवत बसली होती. त्याने कॅमेरा उचलला, आणि त्या दिवशी तिने हात आडवा केला नाही. सहाही काढले. पुढे रोल कॅमेऱ्यातच राहिला. आता मुलगी परगावाहून दोन दिवसांसाठी आली होती. बुधवारी सकाळी निघणार होती. म्हणाली, बाबा, मला घरातलं काही नको, आईचा एक फोटो द्या.

"आण इकडे, मी धुते," मी म्हटलं.

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगला धुवाल," तो म्हणाला. "पण नको."

मग बाटली दिली आणि सगळं दोनदा सांगितलं. नखं काप. घड्याळ बाहेर काढून ठेव, त्याचे काटे चमकतात. डेव्हलपर वीस अंशांवर. ओतलं की झाकणबंद टँक ओट्यावर दोनदा आपट, बुडबुडे निघून जातात. मिनिटाला चारदा उलटा कर. "आणि कात्री आत घेऊन जा."

"मी काय लहान आहे का, ताई?"

आता युक्ती ऐका. रोल संपला की तुम्ही तो डबीत परत गुंडाळता. हाताला शेवटचा हिसका लागतो, तिथे थांबायचं. चिंचोळं टोक बाहेर राहू द्यायचं आणि मुडपून ठेवायचं, म्हणजे कोरा रोल समजून पुन्हा भरला जात नाही. धुताना ते टोक उजेडातच सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे नखासारखे गोल करायचे. मग अंधारात फिल्म टँकमधल्या रिळात न अडकता सरकते. स्टुडिओवाल्याने टोक पार आत घालवलं होतं. म्हणजे डबी अंधारात फोडायची, टोक अंधारातच कापायचं.

रात्री सव्वाअकराला तो त्या खोलीत गेला. दिवसा जमण्यासारखं नव्हतं. खिडकीची फळी वाकली होती, फटीतून ऊन यायचं. ती असती तर तिने केव्हाच ठोकून घेतली असती. दारापुढची बैठकीची खोली रस्त्यावर, आणि रस्त्याचा दिवा थेट आत येतो. मुलगी दाराला पाठ लावून स्टुलावर बसली होती, एका खोक्याला चिकटपट्टी लावत.

त्याने दाराखाली कापड कोंबलं. दिवा घालवला. ओपनरने डबीचं झाकण उडवलं. फिल्म हातात आली.

मग ओट्यावर हात फिरवला. टँक. रीळ. झाकण. कात्री नाही.

"मग फिल्म तशीच टँकमध्ये टाकायची, झाकण लावायचं आणि बाहेर यायचं ना, बाई?"

लावायचं. तुला ठाऊक आहे चष्मेवाले, मला ठाऊक आहे. तीस वर्षं दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला काय ठाऊक असणार?

त्याने तशीच घालून पाहिली. अडकली. पुन्हा घातली. अडकली. बोटांना घाम आला. तिसऱ्यांदा फिल्म दुमडल्याचा बारीक आवाज झाला. दुमडली की तिथे चंद्रकोरीसारखा डाग पडतो, तो जन्मात जात नाही. त्याने हात थांबवला. आत तीस फोटो कुणाकुणाचे, आणि शेवटचे सहा तिचे.

"कात्री राहिली," तो म्हणाला. मुलीला नाही. घरात बोलतात तसं.

"माझ्याकडे आहे, बाबा," मुलगी बाहेरून म्हणाली. "देऊ?"

"दार उघडू नकोस."



नळ ठिबकत होता. तो उभा होता. मला म्हणाला, ताई, भीती नव्हती. दुःखही नव्हतं. अंगाखाली हात दबून बधिर होतो ना, तसा मी अख्खा.

...

हातातली फिल्म हलली.

ओढली नाही कुणी. ताठ झाली. दुसरं टोक कुणी धरावं तशी.

कच्.

...

कच्... कच्.

एक मोठा. दोन बारीक. तीस वर्षं दारापलीकडून त्याने हेच ऐकलं होतं. दुसरा बारीक आवाज झाला की ती आतून म्हणायची, झालं.

आता कुणी काही म्हणालं नाही.

"बाबा, मिळाली का कात्री?"

...

"हो," तो म्हणाला.

फिल्म रिळात सरकत गेली. कुठेही अडकली नाही. फिल्म डबीच्या दांडीला धरून ठेवणारी शेवटची चिकटपट्टी त्याने हाताने उपटली. टँकचं झाकण लावलं, दिवा लावला, दार उघडलं. मुलगी उभी होती. तिच्या हातात कात्री होती, पात्याला चिकटपट्टीचा तुकडा. तिने ती त्याच्यापुढे धरली.

त्याने कात्रीकडे पाहिलं. म्हणाला, "डेव्हलपर किती अंशांवर आहे, बघ जरा."

सहाच्या सहा आले. चौथ्यात ती सरळ बघते आहे. मुलीने बुधवारची गाडी सोडली, गुरुवारी तो फोटो घेऊन गेली.

शुक्रवारी तो माझी बाटली परत द्यायला आला. रडला नव्हता. झोपलाही नसावा. खिशातून पाकीट काढलं, त्यातून धुतलेल्या फिल्मचं सुरुवातीचं काळं टोक, बोटभर लांब. माझ्यापुढे ठेवलं.

"हे कुणी कापलं, ताई?"

"तूच," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं, मला असले खेळ खपत नाहीत. "अंधारात काहीतरी हाताला लागलं असेल."

"बघा तरी."

मी भिंगाखाली धरलं. त्याची बायको डावखुरी होती आणि कात्री उजव्या हाताची. डावा कोपरा छान गोल यायचा, उजव्याला हमखास एक बारीक काटा राहायचा. प्रिंट काढताना तिची शेकडो निगेटिव्ह माझ्या हाताखालून गेली आहेत. मी पुष्कळ वेळ पाहिलं. मग पाकीट माझ्या खणात ठेवलं. त्याने परत मागितलं नाही.

चष्मेवाले, तो वरचा खण उघड. पाकीट आण. कडेला धरायचं, मधे बोट लावायचं नाही. मी डाव्या हाताने दहा-बारा टोकं कापून पाहिली आहेत. तो काटा मला येत नाही.

घे. उजव्या कोपऱ्यावरून बोट फिरव. हळू...

लागला ना.