पालथा कप

थोरल्या बहिणीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. आईजवळ आता धाकटीच उरली होती, आणि धाकटीची जीभ म्हणजे तिखटाची पूड. ऑफिसात तिला ‘भिंगवाली’ म्हणत. सॉफ्टवेअरमधली दुसऱ्याची चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही.

एका सकाळी, ओली छत्री झटकत ती पँट्रीत शिरली, तर एक अनोळखी तरुण तिच्याच कपातून चहा पीत होता.

“कप माझा आहे.”

“अरे… चहा मात्र माझा आहे. अर्धा अर्धा करू या?”

तिने डोळे वटारले. त्याने कप विसळला, पुसला, तिच्यापुढे पालथा ठेवला. इतक्या निवांतपणे, की दुसऱ्याच दिवशी लोकांनी त्याचं नाव ‘सावकाश’ ठेवलं.

दोघांचं काम एकच— ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरच्या टेस्ट, म्हणजे ते नीट चालतं का हे तपासणाऱ्या चाचण्या, सांभाळायच्या. संगणक रोज पहाटे त्या आपोआप, एकीमागून एक चालवी. सावकाशकडे आलेल्या जुन्या टेस्ट एक खोटा सभासद तयार करून बघत; तिच्या टेस्ट सभासदाला पुस्तक देऊन बघत. पहिल्याच आठवड्यात तिच्या सगळ्या टेस्ट लाल झाल्या— नापास.

“काय मोडून ठेवलंस?” ती सगळ्यांदेखत कडाडली. “येत नाही, तर हात कशाला लावतोस?”

तो नुसता हसला. “बघतो…”

दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं. तिची मान ताठ. पुढे वर्षभर ती त्याला चिडवत राहिली, तो कप विसळत राहिला. आणि तो रजेवर असला, की तिचं कशात मन लागेना.

मग साहेबांना सापडलं, की सावकाशच्या टेस्ट काम झाल्यावर आपला खोटा सभासद पुसतच नाहीत.

“स्वतःचा पसारा आवरता येत नाही? सोमवारपासून दुसऱ्या विभागात जा.”

‘मी म्हटलं नव्हतं?’ तिच्या अगदी ओठांवर आलं… आणि तिला टेबलावरचा पालथा कप दिसला. हा माणूस पसारा मागे ठेवील?

तिने आपल्या टेस्ट एकेकट्या चालवल्या, त्याच्या टेस्टशिवाय. लाल. सगळ्या लाल. तिने स्वतःचा सभासद कधी केलाच नव्हता. मागे राहिलेल्या त्या खोट्या सभासदावर तिचा सगळा डोलारा उभा होता. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त तो सभासद पुसून आवरलं होतं— आणि ती कडाडल्यावर तिच्यासाठी पसारा परत मांडून ठेवला होता.

तिची कानशिलं तापली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तो जिन्यात भेटला.

“सांगितलं का नाहीस?”

“तुझी मान खाली गेली असती.”

“म्हणून स्वतःची घातलीस?”

“तुझं बोलणं खायची सवय झाली होती… आवडायला लागलं होतं ते.”

तिला वर बघवेना. तशीच ती साहेबांकडे गेली, सगळ्यांदेखत.

“चूक माझी आहे. वर्षभर माझ्या टेस्ट सावकाशच्या टेस्टच्या आधारावर पास होत होत्या, आणि बोल मी त्यालाच लावला.”

मागे कोणी फिस्सकन हसलं. साहेब म्हणाले, “तो राहील. तू तुझं नीट कर.”

तिने नीट केलं. प्रत्येक टेस्टने आपला सभासद आपण करायचा, आपणच पुसायचा.

“आता माझ्या टेस्ट एकट्या चालतात,” ती पँट्रीत पुटपुटली.

“म्हणजे माझं काम संपलं?”

“त्यांच्यापुरतं…” तिने आपला कप त्याच्यापुढे सरकवला. “अर्धा अर्धा करू या?”

पुढे दोघांचं लग्न झालं. साऱ्या संसारात त्याने तो विषय एकदाही काढला नाही. आठवलं, की तिची कानशिलं अजून तापतात. धाकट्या लेकीने कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी, थंडी सरताना, एका मंगळवारी सकाळी तो कायमचा गेला.