गादीची कोरी बाजू

जीवन जिना चढत होता आणि छाया उतरत होती. नवरा-बायकोची भेट रोज अशी, मधल्या वळणावरच व्हायची.

"पोळ्या झाकून ठेवल्यात."

"हं."

"भाजीत मीठ कमी पडलंय बहुतेक."

"चालेल."

एवढं बोलून तो भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचा आणि ती ओढणी सावरत कंपनीची बस गाठायला पळायची. तो अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला, ती सातपूरला औषधांच्या पॅकिंगमध्ये दिवसपाळीला. तळमजल्यावरच्या बायडाबाई एकदा म्हणाल्याच, "काय गं, संसार जिन्यातच मांडलाय का तुम्ही?" छाया हसली होती. वर पोचेपर्यंत मात्र ते हसू टिकलं नव्हतं.

लग्न मे महिन्यातलं, बघून-ठरवून झालेलं. आणि लग्नानंतर आठवडाभरातच जीवननं साहेबांकडे जाऊन कायमची रात्रपाळी मागून घेतली, स्वतःहून. सुट्टीच्या रात्रीही तो गॅलरीत सतरंजी टाकायचा. "आत उकडतं," म्हणायचा. नाशकात, ऐन श्रावणात.

मग छायानं समजायचं तरी काय? आपण याला आवडलो नाही, एवढंच. भाऊबीजेला लखनदादा मनमाडहून न्यायला येणार होता. जायचं, आणि इतक्यात परतायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. फक्त जीवनला सांगायचं राहिलं होतं.

दिवाळीची सुट्टी दोघांना एकदमच लागली. घर आवरायला काढलं.

"ही गादी फिरवायला हवी," ती म्हणाली. "मला एकटीला उचलत नाही."

गादी काथ्याची, डबल, दारासारखी ताठ. छायानं चादर काढली, खालची गोधडी ओढली आणि ती थबकली. खिडकीकडची बाजू तिची. तिथे चांगलाच खोलगा पडला होता, खोळीवरच्या चौकटी विटल्या होत्या. भिंतीकडची बाजू त्याची... ती दुकानातून आणली तशीच, फुगीर, कोरी. तिनं त्या कोऱ्या बाजूवरून हळूच तळवा फिरवला.

दोघांनी गादी कडेवर उभी केली. आता तो पलीकडे, ती अलीकडे, आणि मध्ये गादीची भिंत.

"धरलीस?"

"धरली. तुम्ही दिवसा झोपता कुठे?"

"पलंगावर."

"पलंगावर कुठे?"

"...खिडकीकडे."

"तिथे ऊन येतं की."

"डोळ्यांवर रुमाल टाकतो."

"भिंतीकडे छान सावली आहे. तिथे काय विंचू निघालाय?"

बाहेर कुणीतरी पायदान बडवत होतं. मग गादीच जणू बोलली, अगदी हळू –

"तिथे तुझी उशी नसते. तिला शिकेकाईचा वास येतो. तो असला की... झोप लागते पटकन."

छायाचे हात सैल पडले. गादी पलीकडे कलली.

"अगं, धर नीट –"

"मग रात्रपाळी कशाला मागून घेतलीत?"

"तूच म्हणालीस ना. पहिल्या रात्री. शेजारी कुणी असलं की मला झोप येत नाही, म्हणून. म्हटलं, दिवसभर उभी राहून काम करते, रात्रीची झोप तरी मिळू दे हिला."

छायाला आठवलं. भीतीनं हातपाय गार पडले होते त्या रात्री, तोंडाला आलं ते बोलून ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. आणि या माणसानं ते शब्द जपून ठेवले होते, सहा महिने.

"अहो, आम्ही चौघी बहिणी एका सतरंजीवर झोपायचो," ती गादीला कपाळ टेकवून म्हणाली. "शेजारी कुणी नसलं तर झोप येत नाही मला."

गादीच्या वरच्या कडेवरून दोन डोळे डोकावले. धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, खाली गोंधळलेली नजर. तिला रडू यायचं होतं, ते हसू होऊन आलं.

"बघताय काय? फिरवा आता."

डोक्याकडची बाजू पायाकडे गेली, मग गादी पालथी पडली. खोलगा खाली गेला. जीवन कडेला टेकला, अगदी टोकावर, पाहुण्यासारखा.

"भाऊबीजेनंतर मी मनमाडलाच राहणार होते," छाया म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "आणि आता?"

"तुमच्या साहेबांवर आहे ते. दिवसपाळी देतात का बघा."

"देतील. पण विचारतील ना, एवढी हट्टानं घेतलेली रात्रपाळी का नको झाली? काय सांगू?"

छायानं धुतलेली चादर झटकली.

"सांगा, बायकोला रात्रीची झोप लागत नाही म्हणून."

आणि त्याच्याकडे न बघता तिनं चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.