उजवीकडचा भात

हादोंगवालीनं हिशेब मांडला तो चुलीपुढे, जाळ फुंकता फुंकता. दारात उभा असलेला माणूस ठेवून घेतला तर काय मिळेल? लावणीच्या तोंडावर दोन धडधाकट हात. मजुरी नाही, नुसतं जेवण. शेत वेळेत लागलं तर मालक खाचरं दुसऱ्याला देणार नाही. आणि खाचरं राहिली तर ओकबुन राहील. खरी बाब ही शेवटचीच, बाकीच्या तिच्या पोटातल्या. ओकबुन तिची सून. मुलगा लढाईत मारला जाऊन दोन वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं, आणि माहेरून दोनदा निरोप येऊन गेला होता. तरण्या बाईनं पडीक शेताच्या घरात कशासाठी राहायचं, याचं उत्तर हादोंगवालीजवळ नव्हतं. म्हणून तिनं माणूस आत घेतला.

त्या आठवड्यात दक्षिण कोरियातल्या मासानच्या छावणीतले युद्धकैदी तारेखालून निसटले होते. उत्तरेच्या फौजेतले, पण उत्तरेला परत जायचं नाही म्हणणारे. पोलिसांनीच दारोदार सांगितलं होतं, ठेवून घ्या, अंगावर घालायला द्या. अमेरिकन जीपगाड्या मात्र त्यांना परत धरून न्यायला फिरत होत्या. शिवाय ठेवलेला माणूस आतून लाल निघाला तर त्या घराचं पुढे काय होतं, हे गावानं एकदा पाहिलं होतं.

गावचा मुख्य म्हातारा चू संध्याकाळी पाहायला आला. नाव विचारलं. ग्वानहो. चूनं त्याला उभा केला, फिरवला, बैल घेतल्यासारखा निरखला.

"डोकं भादरलंय, फडकं बांध त्याला. मानेवर उवा मारायची पांढरी पूड असते छावणीतली, ती धुवून टाक. आणि शिट्टी, बाबा. शिट्टीचं लक्षात ठेव. खालच्या वाडीत एक जण छान लावणी करत होता, कोणाला संशय नाही. त्या गोऱ्यानं बांधावरून शिट्टी फुंकली, तर मेला हातातलं आवण टाकून ताठ उभा राहिला आणि आपला नंबर ओरडला. तोही इंग्रजीत."

ओकबुन फिसकन हसली. त्या घरात कोणी हसून बरेच दिवस झाले होते. हादोंगवालीनं तेही जमेला धरलं.

माणूस कामाला चांगला होता. पहाटे सगळ्यांच्या आधी चिखलात, तिन्हीसांजेला सगळ्यांच्या नंतर बाहेर. बोलणं बेताचं. मुलाचे पांढरे कपडे त्याला नीट बसले. आंबवलेल्या कोबीच्या लाल किमचीला तो हात लावीना, लसणाच्या वासानंही मान फिरवी.

"उत्तरेची जीभ," चू म्हणाला. "तिखट बघितलं तरी रडतात."

माजघरापलीकडच्या खोलीत तो उत्तरेकडे डोकं करून झोपे. तशी फक्त मढी निजवतात. हादोंगवाली दुपारी विहिरीवर म्हणाली, "घराची आठवण येत असेल. डोकं तरी घराकडे." बायका हसल्या. तीही हसली, पण लावणीनं कमरेतून इतकी वाकली होती, की हसणं अर्ध्यातच संपलं.

मग शेजारणीनं मोसमातले पहिले पीच आणले. टोपली ओसरीवर ठेवली, तसा ग्वानहो उठला आणि गोठ्यामागे गेला. टोपली रिकामी होईपर्यंत परत आला नाही.

"तुझ्या पाहुण्याला पीच आवडत नाहीत वाटतं?" शेजारीण म्हणाली.

"दात दुखत असेल."

"पिकलेल्या पीचला दात कशाला लागतो गं?"

पीच श्राद्धाच्या ताटात ठेवत नाहीत. तो ठेवला की ज्याच्यासाठी ताट वाढलंय तो दाराशीच अडतो. हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघी दुसऱ्याच गोष्टीवर बोलू लागल्या.

ताटाकडे तिचं लक्ष गेलं ते त्यानंतर. बायका सातू खात. राबणाऱ्या माणसाला म्हणून ती त्याच्यापुरता पांढरा भात शिजवी, चौरंगावर मांडून त्याच्या खोलीत ठेवी. भात डावीकडे, सार उजवीकडे, सगळ्या जगासारखं. चौरंग उचलायला जाई तेव्हा भात उजवीकडे असे आणि सार डावीकडे. डावखुरा असेल, तिला वाटलं. म्हणून एकदा ती दाराशीच घुटमळली. त्यानं दोन्ही भांडी अगदी सवयीनं हलवली, आपण पांघरूण सारखं करावं तशी. मग चमचा उजव्या हातात घेतला.

गेलेल्या माणसाला असं वाढतात. मुलाच्या वर्षश्राद्धाला तिनं स्वतः असंच मांडलं होतं, आणि हात डावीकडे जाऊ पाहत होता म्हणून ओकबुननं तो धरून उजवीकडे नेला होता.

दुसरी गोष्ट तिला आधीच कळायला हवी होती, पण ती फायद्याची होती, म्हणून तिनं नीट पाहिली नव्हती. त्याच्या जेवणाला तांदूळ खर्चच होत नव्हता. म्हणजे ती रांजणातून काढत होती, शिजवत होती, पण चौरंगावरून वाडगा परत येई तो शिगोशीग भरलेला. माणूस तृप्त दिसे. वाडगा भरलेला दिसे. पहिल्या दिवशी तिनं त्यातला घास खाऊन पाहिला होता. भाताला चवच नव्हती, ओला कागद चावावा तसा. तिनं आपला सातू बरा म्हटलं. पण पांढरा भात टाकवेना. तेव्हापासून तो रोज ओकबुनच्या वाडग्यात जात होता.

"आई, तुम्ही घ्या ना थोडा."

"माझ्या पोटाला जड होतो. तू खा. तरणी आहेस."

शिट्टी आली ती सगळ्यात मोठ्या खाचराची लावणी चालू असताना. माणसं ओळीनं वाकलेली, ग्वानहो मधोमध. बांधावर जीप थांबली आणि शिट्टी अशी वाजली, की बगळे उडाले, हादोंगवालीच्या हातातलं आवण निसटलं. ग्वानहो हलला नाही. मान वळवायची ती त्यानं वळवली नाही. बहिऱ्यासारखा रोपं खोवत राहिला.

चू धावत जाऊन सैनिकांशी आणि दुभाष्याशी बोलला. जीप गेली. तो परत आला तो खुशीत.

"शाब्बास, पोरा. शिट्टी पचवलीस." मग तो हादोंगवालीजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "गोऱ्यानं ओळ मोजली. म्हणाला, एवढं शेत आणि माणसं सहाच?"

ते सात होते.

हादोंगवालीनं कंबर सरळ केली. समोर तीन खाचरं अजून रिकामी होती. तिनं त्या माणसाकडे पाहिलं, मग खाचरांकडे. त्याला आत्ता घालवायचं, तर दारात एक पीच ठेवला की पुरे होतं.

ती पुन्हा वाकली.

घरी ओकबुन अलीकडे लवकर थकत होती. चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे मिटे. तिखट नको म्हणे. हादोंगवाली म्हणे, लावणीचा शीण आहे, सगळ्यांनाच आहे. आणि खरंच, सगळ्यांनाच होता.

शेवटचं खाचर लागलं त्या संध्याकाळी ग्वानहोनं हातपाय धुतले. मुलाचे कपडे घडी घालून ओसरीवर ठेवले आणि आपले छावणीतले चढवले.

"मावशी, निघतो."

"कुठे जाशील?"

"परत."

"उत्तरेला?"

त्यानं डोक्याचं फडकं सोडून कपड्यांवर ठेवलं. हादोंगवालीला वाटलं, काहीतरी दिलं पाहिजे. देण्याजोगं काही नव्हतं.

"तुझ्या कष्टांचं काहीच पोचलं नाही रे तुला."

"पोचलं की." तो पहिल्यांदाच हसला. "रोजचं रोज."

तो अंगणातून गेला. कुत्रं भुंकलं नाही. तिला आठवलं, ते कधीच भुंकलं नव्हतं.

तिनं दाराला आडणा लावला. त्या दिवशी तिनं दोघींसाठी नवा भात शिजवला, आपल्या रांजणातला, कोणाचा उष्टा नाही. ओकबुनपुढे स्वतः वाढला. भात डावीकडे, सार उजवीकडे.

"माहेरी निरोप पाठवलाय मी," ओकबुन म्हणाली. "येत नाही म्हणून. इथेच राहीन, आई."

हेच ऐकायचं होतं तिला. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला तिनं बाही डोळ्यांना लावली.

बाही खाली आली तेव्हा ओकबुन बोलतच होती. बोलता बोलता तिनं साराचा वाडगा डावीकडे सरकवला, भाताचा उजवीकडे घेतला, आणि चमचा उचलला.

त्या वर्षी शेत वेळेत लागलं. मालक काही बोलला नाही. सून घरातच राहिली. आणि ओकबुनचा वाडगा रोज शिगोशीग परत येई; रांजणातला तांदूळ दोघींच्या घरात एकीच्याच मापानं उतरत गेला.