कोऱ्या नळीचा रिपोर्ट

२०१६चा उन्हाळा. नळाला दर सहाव्या दिवशी पाणी यायचं, आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये न्यूमोनियाची बुरशी तपासणारं नवं मशीन आलं होतं. बुरशीच्या जनुकात बदल होऊन ती नेहमीच्या गोळीला दाद देईनाशी झालीय का, हे ते अडीच तासांत सांगायचं. मी, करुणा, तिथं टेक्निशियन. रोज थुंकीच्या नमुन्यांसोबत एक कोरी नळी लावायची. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. त्यात काही सापडलं, तर आमची चूक.

मंगळवारी त्या नळीत बुरशी सापडली. तीही गोळीला न जुमानणारी.

लॅबचे मालक सर्जेराव सर यांनी टँकरवाल्याला फोनवर झाडलं. नळीतलं पाणी सीलबंद बाटलीतलं होतं, हे मी सांगेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं.

बुधवारी वाळूजचा एक कामगार आला. त्याची बुरशी हुबेहूब कालच्या नळीतली. योगायोग, सर म्हणाले. पण गुरुवारची नळी शुक्रवारच्या पेशंटशी जुळली, शनिवारची सोमवारच्या. रविवारी सुट्टी असते, हे नळीलाही ठाऊक होतं.

मग सरांनी कोऱ्या नळीचा रिपोर्ट आदल्या दिवशीच छापायला लावला, नावाची जागा मोकळी सोडून.

पैठणकडचे मेंढपाळ मुंजाबा आले तेव्हा त्यांना बोलवतही नव्हतं. मी कागद पुढं केला. त्यांची बायको बानाबाई म्हणाली, "ह्ये अजून थुकलं बी नायत. मंग कागद कुणाचा?"

मी मोकळ्या जागेत मुंजाबांचं नाव लिहिलं. तो कागद पाहून त्यांच्या डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध सुरू केलं, आणि दहाव्या दिवशी मुंजाबा आपल्या पायानं एसटीत चढले. बानाबाईनं दही पाठवलं. सरांनी तेही तपासायला लावलं.

त्यानंतर कोरी नळी कोरीच राहू लागली. आम्ही सुटलो.

सोमवारी दुपारी एक माणूस आला. माझ्यासमोर खोकून डबीत थुंकला. मशीन म्हणालं, बुरशी नाही. नमुना नीट घेतलाय ना, हे कळावं म्हणून ते माणसाच्या पेशींची खूणही शोधतं. तीही नव्हती.

पुन्हा लावलं.

नुसतं पाणी, कोऱ्या नळीतल्यासारखं.

सरांनी काचेतून बाहेर पाहिलं. तो बाकावर बसला होता.

"नॉर्मल सांग," सर हळूच म्हणाले.

मी सांगितलं. त्याला हायसं वाटलं. कागदाची घडी खिशात घालत त्यानं विचारलं, "घरची अकरा जणं खाली उभी हायेत. धाडू का वर?"